जुना टर्बो, मोठं इंजिन

स्वीडनच्या ट्रोलहेट्टनमध्ये बनलेल्या साब ९-५ या गाडीचं २.३ लिटरचं टर्बो इंजिन वेगवेगळ्या ताकदीत मिळायचं. साध्या गाडीला गॅरेटचा छोटा टर्बो आणि १७० अश्वशक्ती; ‘एरो’ या ताकदवान आवृत्तीला मित्सुबिशीचा मोठा टर्बो आणि सुरुवातीला २३०. कंपनी २०११मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी भंगारातल्या एरोचा टर्बो काढून साध्या गाडीला बसवणारे हौशी आहेत. या खटाटोपामागचं विज्ञान मला फार देखणं वाटतं.

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा ओढतं. मिनिटाला ६,००० फेरे झाले, तर २.३ लिटरच्या इंजिनाला हिशेबाने ६,९०० लिटर हवा लागते. टर्बोत एक्झॉस्टच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच शाफ्टवरचं दुसरं चाक हवा दाबून आत ढकलतं. चाक छोटं असेल तर वरच्या वेगात ते पुरं पडत नाही, नुसतीच हवा तापवतं. मग मोठं का नको? कारण त्याच घडणीच्या चाकाचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. व्यास दहा टक्के वाढला की जडत्व साठ टक्क्यांहून जास्त! पेडल दाबल्यावर गाडी क्षणभर ढिम्म राहते ती यामुळे. मोठं इंजिन कमी फेऱ्यांतही भरपूर धूर सोडतं, म्हणून मोठा टर्बो त्याच्यावर लवकर जागा होतो. लहान इंजिनावर तोच रेंगाळतो.

हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवं, तेव्हा ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, ट्यूनिंग नव्याने करावंच लागतं. ते टाळलं तर नॉकिंग होऊन, म्हणजे इंधन अवेळी भडकून, पिस्टन फुटू शकतो.

पण वापरलेल्या टर्बोचं आयुष्य ठरतं ते ऑइलवर. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. विकत घेताना शाफ्ट पुढे-मागे ढकलून पाहावा. ती हालचाल जवळजवळ जाणवता कामा नये. आडवा किंचित हलला तर घाबरू नये, ती फट ऑइलसाठीच ठेवलेली असते. पात्यांच्या कडा तुटलेल्या किंवा घासलेल्या असतील, तर तो टर्बो स्वस्तातही घेऊ नये.

साबच्या या इंजिनांत गाळ साचून ऑइल चेंबरमधली जाळी तुंबते, हे त्यांचं जुनं दुखणं. त्यामुळे टर्बो चढवण्याआधी चेंबर उतरवून जाळी धुवावी, ऑइलची नळी आणि गॅस्केट नवी घालावीत. टर्बोत हाताने ऑइल भरावं आणि इंजिन पेटू न देता स्टार्टर थोडा वेळ फिरवावा. ऑइलचा दाब आल्यावरच गाडी सुरू करावी.