गटारातले रसायन – भाग 6 : शून्याची झडती

मोदेनाचे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. शौचकूप उपसणाऱ्यांचे डोळे सुजतात, हे सांगताना त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली: या लोकांच्या खिशातली तांब्या-चांदीची नाणी काळी पडतात. ही करामत हायड्रोजन सल्फाइडची. आज नाण्याची जागा सेन्सरने घेतली आहे. नाणे काळे पडले की दिसायचे तरी. सेन्सर बिघडला तर बहुतेक वेळा तो गुमान शून्य दाखवतो.

असे का? विद्युत-रासायनिक सेन्सरमध्ये वायू इलेक्ट्रोडवर पोहोचला की किंचित विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून आकडा उमटतो. तोंडावरच्या पडद्यावर पाणी साचले किंवा आतला द्रव सुकला, तर प्रवाहच नाही. वायू नसला तरी शून्य, सेन्सर मेला तरी शून्य! नाकावर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही. सडक्या अंड्याचा वास अगदी थोड्या वायूलाही येतो खरा, पण साधारण 100 पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग वायू असताना, नाकच बधिर होते.

म्हणून मॅनहोलमध्ये उतरण्याआधी बम्प टेस्ट करायची: सिलिंडरमधला ठाऊक प्रमाणाचा वायू, बहुधा 25 पीपीएम, सेन्सरवर सोडायचा आणि आकडा वर चढून अलार्म वाजतो का ते पाहायचे. कॅलिब्रेशन ही पुढची पायरी. त्यात आकडा वायूच्या प्रमाणाशी जुळवून घेतात. इथे मात्र सिलिंडरचीही झडती घ्यावी लागते. हा वायू भलता चिकट. साध्या रबरी नळीच्या भिंतीला तो धरतो आणि सेन्सरपर्यंत कमी पोहोचतो. त्यात सिलिंडरची मुदत उलटलेली असेल, तर धडधाकट सेन्सरवर आळ येतो. त्याहून वाईट म्हणजे, कमी पोहोचलेल्या वायूलाच 25 मानून सेन्सर जुळवला, तर पुढचा प्रत्येक आकडा फुगलेला.

पाण्यात बुडवायच्या सेन्सरची पडताळणी जास्त किचकट. तो फक्त विरघळलेला वायू मोजतो, तर प्रयोगशाळेत मिथिलिन ब्लू पद्धतीने विरघळलेले सगळे सल्फाइड मोजले जाते. पीएच 7 असेल तर त्यातले निम्मेच वायुरूपात असते, पीएच 8 ला जेमतेम दशांश. प्रयोगशाळा लिटरमागे 4 मिलिग्रॅम म्हणते आणि सेन्सर 2 म्हणतो, तेव्हा पीएच 7 असेल तर दोघेही बरोबर असू शकतात. तरीही सेन्सर बदलायची घाई होते.

नमुना घेतानाही हात जपून चालवावा लागतो. बाटली खळखळवली की वायू उडालाच. ती काठोकाठ भरून, झिंक अॅसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून सल्फाइड जागीच बांधून ठेवतात. पण पीएच आणि तापमान त्याआधी, वाहत्या पाण्यातच मोजायचे. हायड्रॉक्साइड पडल्यावर मूळ पीएच कळायला मार्ग नाही.

(पुढील आठवड्यात : गटाराच्या छताचे काँक्रीट खाणारे जिवाणू)