दर्या, दऱ्या आणि फायलींची नावे

संगणकाच्या चकतीवर फायली ठेवणे, त्यांना नावे देणे आणि मागितल्यावर त्या जशाच्या तशा परत करणे हे काम ज्या व्यवस्थेकडे असते तिला फाइलसिस्टीम म्हणतात. तिच्यातील दोष हुडकण्यासाठी चाचणी-स्क्रिप्ट लिहितात. (स्क्रिप्ट म्हणजे येथे लिपी नव्हे, संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची यादी.) लिनक्ससाठी अशा चाचण्यांचा ‘एक्सएफएसटेस्ट्स’ हा मोठा संग्रह आहे. त्यात प्रत्येक चाचणीचे अपेक्षित उत्तर आगाऊ लिहून ठेवलेले असते व प्रत्यक्ष उत्तर त्याच्याशी ताडून पाहिले जाते. तथापि अपेक्षित उत्तर कोणते, हा प्रश्न नावांच्या बाबतीत भाषेचा होऊन बसतो.

मराठीतील ‘दर्या’ व ‘दऱ्या’ ही जोडी घेऊ. पहिला शब्द समुद्राचा, दुसरा डोंगराचा. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’ तीन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, ‘र’ला नुक्ता जोडून, किंवा ‘र’ व हलन्तचिन्ह यांच्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. तिन्ही रूपे सामान्यतः डोळ्यांना सारखीच दिसतात. परंतु यूटीएफ-८ पद्धतीत पहिले १५ बाइटांचे, तर उरलेली दोन प्रत्येकी १८ बाइटांची होतात.

‘एक्स्ट४’ या फाइलसिस्टीमची साधी निर्देशिका नावाकडे केवळ बाइटांची माळ म्हणून पाहते. म्हणून ‘दर्या’ धरून येथे चार निराळ्या फायली झाल्या पाहिजेत. उपर्युक्त संग्रहातील ‘जेनेरिक/४५३’ ही चाचणी सारख्या दिसणाऱ्या नावांविषयी हीच अपेक्षा तपासते.

२०१९ मध्ये, लिनक्सच्या ५.२ या आवृत्तीत, लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद न मानणाऱ्या निर्देशिकांची सोय ‘एक्स्ट४’मध्ये आली. तेथे नावांची तुलना करताना ‘ऱ’ व नुक्ता असलेला ‘र’ एकच मानले गेले, हे योग्यच झाले. परंतु त्याच नियमांत अदृश्य चिन्हे गाळली जात. जोडचिन्ह गळाले की तिसरा ‘दऱ्या’ थेट ‘दर्या’ होतो! एकाच शब्दाची दोन रूपे भिन्न, आणि दोन भिन्न शब्द एक. ‘दर्या’ या फायलीत असलेला मजकूर, दुसरी फाइल लिहिली जाताच, विनातक्रार पुसला जातो.

हा दोष पकडणारी स्क्रिप्ट लिहिताना आज्ञांचा क्रम महत्त्वाचा. प्रत्येक फाइल लिहून लगेच वाचली तर चारही उत्तरे बरोबर येतील, कारण पुसला गेलेला मजकूर कोणी पुन्हा विचारलेलाच नसतो. म्हणून आधी चारही फायलींत निरनिराळा मजकूर लिहावा, चकती विलग करून पुन्हा जोडावी, म्हणजे स्मृतीतील प्रत न वाचता चकतीवरचीच वाचली जाईल, आणि मगच चारही वाचाव्यात.

२०२४ च्या उत्तरार्धात अदृश्य चिन्हे गाळण्याचा नियम काढून टाकण्यात आला. भाषिक दृष्ट्या ते रास्तच होते. पण नावांवरून काढलेले जुने सूचकांक आधीच चकत्यांवर नोंदलेले होते. नव्या नियमाने काढलेले सूचकांक त्यांच्याशी जुळेनात आणि अशा चिन्हांची नावे असलेल्या जुन्या फायली सापडेनाशा झाल्या. डिसेंबरमध्ये तो बदल मागे घ्यावा लागला. कोऱ्या चकतीवर चालविलेल्या चाचणीत हे दिसणे शक्यच नव्हते. त्यासाठी जुन्या आवृत्तीने लिहिलेली चकती जपून ठेवून तीच नव्या आवृत्तीपुढे ठेवावी लागते.