कंटेनरभर सायकली

कल्याण-डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत जिन्याखाली किंवा मीटरच्या खोलीशेजारी चार-पाच सायकली धूळ खात पडलेल्या असतात. मुलगा कॉलेजला गेला, घरात स्कूटी आली आणि सायकल तिथेच राहिली. वार्षिक सभेत कधीतरी विषय निघतो आणि शेवटी भंगारवाल्याला बोलावलं जातं. त्याच कल्याणहून कसारा लोकल पकडली, की शहाड, आंबिवली, टिटवाळा मागे टाकून खडवली येतं. भातसा नदीमुळे सहलवाल्यांना ठाऊक असलेलं हे स्टेशन. पण स्टेशन सोडून आत गेलं, की रिक्षा मिळेपर्यंत ताटकळायचं, नाहीतर सरळ चालू लागायचं.

एकीकडे पडून असलेली सायकल दुसरीकडच्या चालणाऱ्याच्या हाती द्यायची, यासाठी परदेशात अख्ख्या संस्था उभ्या राहिल्या आहेत. अमेरिकेत न्यू जर्सीच्या डेव्हिड श्वाइडेनबॅक यांनी 1991 मध्ये ‘पेडल्स फॉर प्रोग्रेस’ सुरू केली. तरुणपणी ते ‘पीस कॉर्प्स’चे स्वयंसेवक म्हणून इक्वेडोरमध्ये होते. तिथे त्यांच्या ओळखीच्या एका सुताराकडे सायकल होती, म्हणून त्याला लांबची कामं घेता येत आणि त्याचं बरं चाललेलं होतं. मायदेशी परतल्यावर धडधाकट सायकली कचऱ्यात टाकलेल्या पाहून त्यांना तो सुतार आठवला. त्यांच्या संस्थेने आजवर लाखाहून अधिक सायकली परदेशी धाडल्या. बॉस्टनची ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ तर त्याही आधीची, 1984 ची. निकाराग्वाविषयीच्या अमेरिकी धोरणाचा निषेध म्हणून तिने तिथे सायकली पाठवल्या.

यातलं काम मात्र अगदी हमालीचं. शाळेच्या किंवा चर्चच्या आवारात सायकली गोळा होतात. स्वयंसेवक हँडल सैल करून चाकाच्या रेषेत फिरवतात, पायडल काढून सायकलीलाच बांधतात. नवा माणूस हमखास डाव्या पायडलशी झटापट करतो. उजवा घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. डाव्याचे आटे उलटे, तो घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. न कळता जोर लावला की तो आणखी घट्ट बसतो. अशा चपट्या केलेल्या सायकली एकमेकींत गुंतवून रचल्या, की चाळीस फुटी कंटेनरात चारशे-पाचशे मावतात.

जहाजाचं भाडं कोणी माफ करत नाही, म्हणून ‘पेडल्स फॉर प्रोग्रेस’ सायकल देणाऱ्याकडेच थोडी रक्कमही मागते. पलीकडे स्थानिक संस्था सायकली दुरुस्त करून स्वस्तात विकते आणि आलेला पैसा पुढच्या कंटेनरला लावते. ‘फुकट ते पौष्टिक’ हा हिशेब इथे चालत नाही.

2005 मध्ये सुरू झालेल्या ‘बायसिकल्स फॉर ह्युमॅनिटी’ने पुढचं पाऊल टाकलं. नामिबियात पोचलेला कंटेनर परत न पाठवता त्याचंच दुरुस्तीचं दुकान केलं. सायकलींबरोबर अवजारं आणि सुटे भाग गेले, गावातली माणसं काम शिकली आणि त्यांना धंदा मिळाला.

जुन्या सायकली पाठवण्यावर आक्षेपही आहेत. दान आलेल्या सायकली नाना जातींच्या. एकीचा टायर दुसरीला बसत नाही, गिअरचा भाग गावात मिळत नाही. त्याच 2005 सालापासून ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ने वेगळी वाट धरली. त्सुनामीनंतर श्रीलंकेत नव्या सायकली दिल्या, पुढे आफ्रिकेसाठी ‘बफेलो’ नावाची दणकट, एकाच बांधणीची सायकल काढली आणि तिच्यासाठी मेकॅनिक तयार केले.

आपल्याकडे राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. मुंबईत 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘सायकल रीसायकल’ उपक्रमाने जुन्या सायकली दुरुस्त करून आदिवासी मुलांपर्यंत पोचवल्या. डोंबिवलीची सायकल खडवलीला न्यायला तर जहाजही नको, टेम्पो पुरतो.

मात्र जगभरच्या या खटाटोपाचा धडा एकच: सायकल देणं सोपं, ती चालती ठेवणं अवघड. चाकाचा आऊट काढणारा, पंक्चर जोडणारा माणूस जवळपास नसेल, तर दिलेली सायकल पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भिंतीला टेकते. म्हणून सोसायट्यांनी भंगारवाल्याला फोन करण्याआधी गल्लीतल्या सायकलवाल्याला बोलवावं. ट्यूब, ब्रेकचे रबर, चेन बदलून घ्यावी. सायकलींसोबत पंप, पाने आणि पंक्चरचं सामान द्यावं. आणि सायकली जातील त्या पाड्यावरच्या दोन मुलांना त्याच सायकलवाल्याकडे महिनाभर काम शिकायला पाठवायचा खर्च सोसायटीने उचलावा.