एका ठोशामागची दोन घराणी

अॅक्शन सिनेमाच्या चाहत्यांमधला वाद ठरलेल्या वळणांनी जातो. कुणीतरी 'एंटर द ड्रॅगन'चं नाव घेतं, दुसरा 'ड्रंकन मास्टर २' पुढे करतो, तिसरा म्हणतो, ते सगळं जुनं झालं, इंडोनेशियाचा 'द रेड' बघा. मग थायलंडचा टोनी जा येतो, 'जॉन विक' येतो. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' आला की तारांना लोंबकळत केलेल्या मारामारीला मारामारी म्हणायचं का, यावरून आवाज चढतात. आणि सगळे रस्ते शेवटी एकाच चौकात येतात : ब्रूस ली की जॅकी चॅन? एक बाजू ठासून सांगते की ब्रूस ली खरा लढवय्या, बाकीचे कसरतपटू. दुसरी बाजू विचारते, मग हाडं जास्त कुणाची मोडली?

हा वाद मला मनापासून आवडतो. कारण त्याच्या पोटात एक विलक्षण कोडं आहे. पडद्यावरचा ठोसा बहुतेक वेळा पुरता लागलेला नसतो, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, तरीही आपण खुर्चीत दचकतो. हे दचकणं नेमकं तयार कुठे होतं, याचा माग काढत गेलं की आपण हाँगकाँगला पोचतो आणि तिथे दोन घराणी भेटतात. एक नाटकाचं, दुसरं कुंग-फूचं. 'खरं कोण' हा चाहत्यांचा प्रश्न मुळात या दोन घराण्यांमधला आहे.

आधी नाटकाचं. १९५० आणि ६० च्या दशकांत यू जिम-युएन नावाचे गुरू हाँगकाँगमध्ये चिनी ऑपेराची शाळा चालवत. आईवडील करारावर सही करून मूल त्यांच्या हवाली करत. जॅकी चॅनचे आईवडील नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला गेले आणि सातेक वर्षांचा जॅकी दहा वर्षांच्या करारानं या शाळेत राहिला. दिवस पहाटे सुरू व्हायचा. हातांवर उलटं उभं राहायचं, गुरू म्हणतील तोवर. पाय दोन्ही बाजूंना जमिनीला टेकवायचे, कोलांटउड्या मारायच्या, भाला-तलवार फिरवायची, शिवाय गायचं आणि चेहरा रंगवायचा. चुकलं की छडी. शिष्यांनी गुरूंच्या नावातला 'युएन' आपापल्या नावात घेतला. युएन बियाओ, युएन वाह, युएन क्वाय म्हणजे कोरी युएन ही सगळी याच शाळेतली मुलं. सॅमो हंग हा त्यांच्यातला थोरला. ('मॅट्रिक्स'च्या मारामाऱ्या बसवणारे युएन वू-पिंग मात्र या शाळेचे नव्हेत. त्यांचं युएन घराणं वेगळं, आणि चाहत्यांची इथे हमखास गल्लत होते.)

ही मुलं मोठी होईपर्यंत ऑपेराचा प्रेक्षक आटला होता. ज्या कलेसाठी शरीर घडवलं, तिला गिऱ्हाईकच उरलं नाही. पण चित्रपट स्टुडिओंना उड्या मारणारी, पडणारी, मार खाणारी पोरं हवी होती. म्हणून ती स्टंटमन झाली. आणि इथे चाहत्यांच्या त्या मोठ्या वादाची गंमत उलगडते. 'एंटर द ड्रॅगन'च्या सुरुवातीला ब्रूस ली ज्या जाडजूड पैलवानाशी लढतो, तो सॅमो हंग. त्याच चित्रपटात भुयारातल्या हाणामारीत ज्या रखवालदाराचे केस धरून ली त्याची मान मोडतो, तो जॅकी चॅन. 'फिस्ट ऑफ फ्युरी'च्या शेवटी लीच्या लाथेनं जपानी खलनायक दारातून बाहेर उडतो, तेव्हा उडणारा माणूस पुन्हा जॅकीच, डुप्लिकेट म्हणून. आणि ब्रूस ली मागे कोलांटी घेताना दिसतो तेव्हा? तो युएन वाह. म्हणजे 'ब्रूस ली की जॅकी' असं आपण विचारतो तेव्हा लीच्याच चित्रपटांत, कधी लीच्या समोर तर कधी लीच्या कपड्यांत, यू जिम-युएन यांची शाळा हजर असते.

बरं, ली तरी नाटकापासून लांब होता का? त्याचे वडील ली होई-च्युएन हे कँटोनीज ऑपेरातले नावाजलेले नट. त्यांचा दौरा अमेरिकेत चालू असताना १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ब्रूसचा जन्म झाला. लहानपणापासून तो हाँगकाँगच्या चित्रपटांत कामं करत होता आणि १९५८ मध्ये त्यानं चा-चा-चा या नाचाची स्पर्धा जिंकली होती. इप मान यांच्याकडे विंग चुन ही कुंग-फूची शैली शिकलेला हा लढवय्या तालातही तितकाच मुरलेला होता. 'वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये रोमच्या कलोसियममधली चक नॉरिसशी लढत या नजरेनं बघा. आधी ली मार खातो. मग तो नव्या युक्तीऐवजी नवी लय घेऊन उभा राहतो. पायांवर हलका नाचू लागतो, आणि नॉरिसला ठोका सापडेनासा होतो. लढतीचं पारडं तिथे फिरतं.

लय. माझ्या मते सगळं रहस्य इथे आहे. चिनी ऑपेरात लढाई झांजा आणि ढोलांवर चालते. पात्रं गरागरा फिरतात, शस्त्रं चमकतात आणि एका क्षणी, झांजेच्या ठोक्यावर, सगळं गोठतं. नट मान झटकून प्रेक्षकांकडे पाहतो. तो थांबा म्हणजे लढाईचा कळस. कथक पाहणाऱ्याला हे लगेच कळेल : तिहाई घेऊन नर्तक समेवर येऊन थांबतो आणि दाद त्या थांबण्याला मिळते. चित्रपट अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी हाँगकाँगच्या मारामाऱ्यांमध्ये हाच साचा दाखवून दिला. आधी स्थिरता, मग स्फोट, मग पुन्हा स्थिरता. आपला डोळा त्या छोट्या थांब्यात श्वास घेतो, समोर काय झालं ते समजून घेतो आणि पुढच्या फटक्यासाठी तयार होतो. सतत हलणारी, थरथरत्या कॅमेऱ्यातली हाणामारी पाहून डोकं दुखतं पण ठोसा लागत नाही, त्याचं कारण हेच. तिथे सम येतच नाही.

ही लय पडद्यावर आणायला काय काय लागतं, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी दाखवला जातो. हाँगकाँगचे फाइट मास्टर कॅमेरा २२ किंवा २० चौकटींवर चालवत. २० वर टिपलेली एका सेकंदाची हालचाल पडद्यावर पाऊण सेकंदाहून जरा जास्त वेळात संपते. फरक इतका थोडा की डोळ्याला फसवणूक कळत नाही, फक्त हात अंमळ जास्त चपळ वाटतो. आवाज त्या काळी बहुधा नंतरच भरला जाई, त्यामुळे बोलण्याचा सूर बिघडण्याची भीती नव्हती. कपड्यांवर पूड चोपडलेली असे. फटका बसला की धूळ उडते आणि आघात दिसतो.

याहून सुंदर युक्ती एडिटिंगच्या टेबलावरची. पहिल्या शॉटमध्ये लाथ छातीपर्यंत येते. कापून दुसऱ्या कोनात गेलं की लाथ टेकण्याआधीच्या दोन-चार चौकटी पुन्हा दाखवायच्या. म्हणजे त्या लाथेचा शेवटचा टप्पा आपण दोनदा पाहतो. मनाला पुनरुक्ती जाणवत नाही, जाणवतं ते वजन.

हॉलिवूडची जुनी रीत अशी की अख्खी मारामारी वेगवेगळ्या कोनांतून पुन्हापुन्हा चित्रित करायची आणि नंतर एडिटरनं त्यातून निवडायचं. हाँगकाँगमध्ये फाइट मास्टर स्वतः कॅमेऱ्यामागे उभा राहून तुकड्या-तुकड्यानं पुढे जातो. या तीन फटक्यांसाठी हा कोन, पुढच्या उडीसाठी तो. प्रत्येक शॉट एका ठरावीक हालचालीसाठीच जन्माला येतो. यात वेळ अफाट जातो, पण वाया गेलेला एकही कोन पडद्यावर उरत नाही. या माणसांची कदर तिथल्या चित्रपटसृष्टीनं लवकर केली : हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये १९८३ पासून अॅक्शन बसवणाऱ्याला स्वतंत्र पुरस्कार आहे. ऑस्करनं स्टंटसाठी पुरस्कार २०२५ मध्ये जाहीर केला, आणि तोही २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून.

या लयीचा पहिला मोठा कारागीर दिग्दर्शक किंग हू. त्यांचा 'कम ड्रिंक विथ मी' १९६६ चा. आपल्याला कुंग-फूतलं काही कळत नाही, आपल्या लढाया ऑपेरातून येतात, असं ते मोकळेपणानं सांगत. नायिका चेंग पेई-पेई नाचाचं शिक्षण घेतलेली. सराईत बदमाशांनी भरलेल्या खाणावळीत ती शांत बसून असते, आणि ती शांतता इतकी ताणली जाते की पहिला वार सुटका वाटावी. 'अ टच ऑफ झेन'मधल्या बांबूच्या बनात हू यांनी शॉट इतके त्रोटक कापले की माणूस झेपावलेला आपण धड पाहतच नाही, निसटता पाहतो. वेगाची जाणीव त्या न दिसण्यातून होते. तारांवरच्या मारामारीला खोटं म्हणणाऱ्यांनी हे बन एकदा पाहावं. हवेत झेपावणं ही तिथल्या कथापरंपरेची जुनी बोली आहे. 'क्राउचिंग टायगर'मधली बांबूवरची लढत याच बनातून आली, आणि त्यातली खलनायिका जेड फॉक्स साकारली आहे चेंग पेई-पेई यांनीच.

आता दुसरं घराणं. वाँग फेई-हंग हे दक्षिण चीनमधले खरोखरचे कुंग-फू गुरू आणि वैद्य. त्यांचे शिष्य लाम साय-विंग. लाम यांचे शिष्य लाउ चाम. आणि लाउ चाम यांचा मुलगा लाउ कार-लिउंग, जो वडिलांकडून ही विद्या शिकला आणि पुढे शॉ ब्रदर्स या स्टुडिओचा सर्वांत निष्ठावान फाइट मास्टर आणि दिग्दर्शक झाला. वाँग फेई-हंग यांच्यावर १९४९ पासून चित्रपटांची मोठी मालिका निघाली. क्वान टाक-हिंग हे त्यातले नायक, आणि लाउ चाम यांनीही तिच्यात कामं केली. गुरूच्या गुरूची गोष्ट पडद्यावर सांगायला शिष्याचा शिष्य स्वतः उभा, असा प्रकार मला दुसऱ्या कुठल्या चित्रपटसृष्टीत आठवत नाही.

लाउ कार-लिउंग यांना शैली शुद्ध हवी असे. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, पवित्रा ओळखू आला पाहिजे. त्यांच्या १९७८ च्या 'थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'मध्ये तर चित्रपटाचा मोठा भाग केवळ शिकण्याचा आहे. गॉर्डन लिउ पसरलेल्या हातांनी पाण्याच्या बादल्या वाहतो आणि त्याच्या दंडांना सुरे बांधलेले असतात. हात खाली आला की सुरा बरगडीत. शत्रू कुणीच नाही, तरी मी ते दृश्य श्वास रोखून पाहतो.

ही दोन घराणी समोरासमोर आली १९९४ च्या 'ड्रंकन मास्टर २'मध्ये. दिग्दर्शक लाउ कार-लिउंग. नायक वाँग फेई-हंग, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या गुरूंचे गुरू. आणि ही भूमिका करणार यू जिम-युएन यांच्या शाळेतला जॅकी चॅन! मारामारी कशी असावी यावरून दोघांचं पटेना. अखेर लाउ बाहेर पडले आणि शेवटची लढत जॅकीनं आपल्या पद्धतीनं उभी केली. पोलादाच्या कारखान्यात केन लो एका पायावर उभा राहून दुसरा पाय खाली न टेकवता लाथांचा मारा करतो, आणि जॅकी धगधगत्या निखाऱ्यांवरून हातापायांनी सरपटत मागे जातो. ते निखारे खरे होते. जगातली सर्वोत्तम मारामारी म्हणून कित्येक चाहते हीच निवडतात, आणि त्यांच्याशी भांडणं अवघड आहे.

लाउ यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे 'ड्रंकन मास्टर ३' काढला. चाहत्यांच्या वादात त्याचं नाव क्वचितच निघतं.

माझं मत मात्र 'ड्रंकन मास्टर २'च्याच दुसऱ्या एका लढतीला. चहाघरात कुऱ्हाडी घेतलेल्यांची झुंड जिन्यावरून, खिडक्यांतून आत घुसते. या वेळी लाउ कार-लिउंग स्वतः पडद्यावर आहेत, मांचू अधिकाऱ्याच्या भूमिकेत, जॅकीच्या खांद्याला खांदा लावून. लाउ यांचा प्रत्येक पवित्रा रेखीव, जमिनीत रुतलेला. जॅकी टेबलं, बाकं, हाताला लागेल ते वापरत सुटलेला, शेवटी टोकाशी चिरफाळलेला बांबू घेऊन अख्ख्या झुंडीला मागे रेटणारा. एकाच चौकटीत एक जण स्थिर आणि दुसरा स्फोट. थोड्या वेळानं अदलाबदल. यात खरं कोण, हे सांगायला मला त्या चौकटीतला एक माणूस कापून काढावा लागेल, आणि मग ती मारामारीच उरणार नाही.