अमेरिकेतील बटू नाकतोडे : वर्गीकरण व वितरण

प्रस्तावना

ऑर्थॉप्टेरा गणातील टेट्रिगिडी कुलाच्या कीटकांना बटू नाकतोडे म्हणतात. त्यांची लांबी सामान्यतः दोन सेंटिमीटरांहून कमी असते. वक्षाच्या पहिल्या खंडाचे पृष्ठकवच मागे वाढून संपूर्ण उदर झाकते. हेच या कुलाचे ठळक लक्षण होय. ओलसर मातीवर राहून शेवाळ, हरिता व कुजके सेंद्रिय द्रव्य खाणारे हे कीटक पिकांच्या वाटेस सहसा जात नसल्यामुळे अभ्यासात मागे पडले. त्यांच्या वर्गीकरणाचा वितरणाच्या ज्ञानावर कसा परिणाम होतो, याचे विवेचन येथे केले आहे.

वर्गीकरण

इग्नासिओ बोलिव्हार यांच्या १८८७ च्या ग्रंथाने या कुलाच्या विभागणीचा पाया घातला. जे. एल. हॅनकॉक यांनी १९०२ मध्ये उत्तर अमेरिकेतील जातींचे वर्णन केले, तर रेन व ग्रँट यांनी १९६१ मध्ये मेक्सिकोच्या उत्तरेकडील जातींचा साकल्याने आढावा घेतला. वर्गीकरणाचा मुख्य आधार पृष्ठकवचाचा आकार हाच राहिला. परंतु टेट्रिक्स सब्युलाटा या एकाच जातीत लांब व आखूड कवचाचे जीव आढळतात. रंगाचेही तसेच आहे. कॅन्सस येथे रॉबर्ट नॅबर्स यांनी पॅराटेटिक्स व अपोटेटिक्स यांच्या पिढ्या वाढवून रंगाकृती मेंडेलच्या नियमांनुसार संक्रमित होतात, हे दाखवले. म्हणजेच भिन्न दिसणारे जीव सख्खी भावंडेही असू शकतात.

वितरण

टेट्रिक्स सब्युलाटा ही जाती युरोप, आशिया व उत्तर अमेरिका अशी पसरलेली आहे. टेटिजिडिया लॅटरॅलिस उत्तर अमेरिकेत आढळते. तिच्या गटाच्या शृंगिकांत खंड अधिक असल्याने काही अभ्यासक त्यास स्वतंत्र कुल मानतात. खरा पेच कॅरिबियन बेटांत आहे. क्यूबातील कोरिफिलम व श्रीलंकेतील क्लॅडोनोटस यांना उंचावलेल्या कवचामुळे क्लॅडोनोटिनी या एकाच उपकुलात ठेवले गेले. हे साम्य समान पूर्वजांमुळे, की पालापाचोळ्यात लपण्याच्या समान गरजेतून आले? पहिला पर्याय मानल्यास दूरच्या खंडांमधील प्राचीन दुवा शोधावा लागतो. दुसरा मानल्यास हे उपकुलच कृत्रिम ठरते. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील अंबरमध्ये सापडलेल्या व २०१४ मध्ये वर्णिलेल्या इलेक्ट्रोटेटिक्स ॲटनबरोई या जीवाश्मास पंखांचे अवशेष आहेत. त्याच बेटांवरील आजचे त्याचे आप्त पंखहीन आहेत. पंखांचा ऱ्हास बेटांवरच झाला असावा, असे त्यावरून सूचित होते.

समारोप

वितरणाचा नकाशा जातीच्या नावांवर उभा असतो. एका जातीची दोन नावे झाली तर तिचा प्रदेश तुटक दिसतो; दोन जाती एका नावाखाली आल्या तर एखाद्या बेटापुरती मर्यादित, उडू न शकणारी जाती सर्वत्र विपुल असल्याचा भास होतो आणि तिचा नाश ध्यानातही येत नाही. म्हणून कवचाच्या आकारास प्रजननाचे प्रयोग, जीवाश्म व डीएनए यांच्या पुराव्याची जोड देणे अगत्याचे आहे.