‘फुकट’ शंभर पौंडांचा हिशेब

ब्रिटनमधील ऑनलाइन जुगारगृहे नव्या गिऱ्हाइकास सांगतात, ‘शंभर पौंड भरा, शंभर आमचे घ्या.’ नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या आपल्या गोमंतकीय तरुणांच्याही दृष्टीस अशी आमिषे पडतात; म्हणून या बोनसच्या अटी आम्ही येथे उलगडून सांगत आहोत.

मुख्य अट उलाढालीची. बोनसच्या तीसपट डाव लावल्यावाचून पैसा काढता येणार नाही, असे लिहिले असेल, तर एकूण ३,००० पौंडांचे डाव लावावे लागतात. यंत्राचा खेळ सरासरीने शंभरातील ९६ परत करीत असेल, तर एवढ्या उलाढालीत १२० पौंड बुडतात. म्हणजे देणगी १०० ची आणि तिचे मोल १२०! रूलेटमध्ये तूट कमी खरी. परंतु पुष्कळ ठिकाणी त्या डावाचा दहावा हिस्साच जमेस धरतात. शिवाय मुदत असते, आणि एका डावाची कमाल मर्यादा ओलांडल्यास जिंकलेलेही जप्त होऊ शकते.

ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०२५ साली ही अट दहापटीवर आणण्याचा नियम जाहीर केला. त्यायोगे वरील तूट ४० पौंडांवर येते. हे बरे झाले. पण हजार पौंडांचे डाव लावताना जडलेली सवय कोणता नियम सोडवील? भारतीय संसदेने त्याच वर्षी पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचाच कायदा केला.

तेव्हा जाहिरातीतील मोठा आकडा सोडून अटींतील ‘पट’ आधी वाचावी, आणि घरी पाठवावयाचा पैसा त्या दारी नेऊच नये.