धर्मादाय दान आणि अपंगांचे समावेशन

माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे मुंबई-सोलापूर व मिरज-लातूर या लोहमार्गांचे जंक्शन होय. पंढरपूरला जाणारे अनेक वारकरी येथे गाडी बदलतात. पंढरीच्या वाटेवर अन्नदान पुण्यप्रद मानले जाते; परंतु त्याने एका वेळची भूक भागते. अपंग व्यक्तीला शाळा, फलाट वा रोजगार यांपर्यंत पोहोचविणारे दान निराळे असते.

या संदर्भात नसीमा हुरजूक यांचे कार्य उद्बोधक आहे. किशोरवयात कमरेखालील भाग लुळा पडलेल्या नसीमाताईंनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. समाजाच्या देणग्यांच्या आधारे तिने वसतिगृह, शाळा व सिंधुदुर्गातील काजूप्रक्रिया उद्योग उभे केले. तेथे देणगीचे रूपांतर शिक्षणात व वेतनात झाले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य असून समान सहभाग हा हक्क ठरला आहे. म्हणून दान हे शासकीय कर्तव्याचा पर्याय नव्हे, पूरक होय. कुर्डुवाडीतील दात्याने शाळेला उतरता मार्ग, चाकाची खुर्ची वा शिलाई यंत्र देण्यापूर्वी त्याची गरज अपंग व्यक्तीलाच विचारावी. समावेशनाचा आरंभ या विचारण्यातूनच होतो.